वहीतली मोटार

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, हे आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. लहानपणी वडिलांचे बोट धरून आणि पुढे मुलांना खांद्यावर घेऊन मी तो बाजार पुष्कळदा पाहिला आहे. घोडा घेण्याची ऐपत आमच्या घराण्यात कधी कुणाची नव्हती. पण घोडा घेणारा माणूस पाहण्यात जी मौज आहे तिला पैसे पडत नाहीत. तो येतो आणि प्रथम घोड्याचा जबडा उघडून दात पाहतो. मग खूर उचलून पाहतो. अंगावरचे भोवरे मोजतो. दोन फेऱ्या मारायला लावून चाल पाहतो. एवढे झाल्यावर मालकाला विचारतो, "खोड काय आहे?" आणि मालकही, बाजाराला भिऊन म्हणा, दत्ताला भिऊन म्हणा, निदान एखादी खोड कबूल करतो. किमतीची गोष्ट त्यानंतर.

हाच माणूस मोटारीच्या दुकानात शिरला की त्याचे काय होते, कळत नाही. पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा, "पांढरी केव्हा मिळेल?" आणि तिसऱ्या प्रश्नाच्या आत तो सही करून मोकळा! दात नाहीत, खूर नाहीत, आणि खोड विचारण्याचे तर कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. हा गाढवपणा मी स्वतः केलेला आहे, आणि तोही कसा, ते ऐका.

२००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला होता. त्यानंतर पाचसहा महिन्यांनी, म्हणजे २००७ च्या आरंभी, मी सुरतेच्या एका दलालाकडून जुनी 'आठशे' विकत घेतली. ही मारुती १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा तिची किंमत पन्नास हजारांच्या आत होती. मी मात्र सहा वर्षे वापरलेलीचे पंच्याऐंशी हजार मोजले आणि वर 'स्वस्तात मिळाली' म्हणून पेढे वाटले. गाडी चकचकीत होती. आत नवी कोरी आसने, नवा गालिचा, आणि अत्तराचा असा घमघमाट की बसणाऱ्याला लग्नाला निघाल्यासारखे वाटावे. एवढे अत्तर कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. शेजारच्या वकीलसाहेबांना पडला होता. पण ते पडले वकील, फी घेतल्यावाचून बोलले नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात अत्तर उडाले आणि खालून चिखलाचा वास वर आला. पुढच्या थंडीत वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सुरतेला गेलो होतो. परतताना विसरवाडी सोडून नंदुरबारच्या रस्त्याला लागलो, रात्रीचे नऊ वाजले असतील, आणि मोटारीचे दिवे एकाएकी गेले. वडिलांच्या एका डोळ्याला पट्टी, मोटारीच्या दोन्ही डोळ्यांना अंधार! एका भल्या ट्रकवाल्याच्या मागच्या तांबड्या दिव्यावर नजर ठेवून, मुंगीच्या पावलाने, दोन तासांनी आम्ही घरी पोचलो. वाटेत वडील एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "भाऊ, दिवा लाव ना रे." त्यांना वाटत होते, मी पेट्रोल वाचवतो आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने काय केले? ड्रायव्हरच्या आसनाचा पट्टा धरला आणि तो शेवटपर्यंत बाहेर ओढला. आपण पट्टा लावतो तेव्हा त्याचा शेवटचा हातभर भाग कधी बाहेर येत नाही. त्या हातभर भागावर पिवळट गाळाची रेघ स्पष्ट उमटलेली होती. मग त्याने आसनाखालच्या रुळांवरचा गंज दाखवला, दिव्यांच्या काचेआड साचलेला ओलावा दाखवला. तापी सारंगखेड्यावरून, प्रकाशावरून पुढे उकाईला आणि तिथून सुरतेला जाते. म्हणजे आमच्याच दारावरून गेलेले पाणी त्या मोटारीत शिरले, आणि ती मोटार मी रोख पैसे मोजून परत नंदुरबारला आणली. सुरतेहून ना-हरकत दाखला आणणे, इकडचा कर भरणे, 'जीजे'चा 'एमएच ३९' करून घेणे या सोपस्कारांत जे चपलांचे तळवे झिजले, ते हिशेबात धरलेलेच नाहीत. सीमेवरचे आपण लोक गुजरातेतल्या जुन्या गाडीची किंमत ऐकून हुरळतो. पण दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर आपल्याकडे ठेवायची तर नंबर बदलून घ्यावा लागतो आणि आपल्या राज्याचा करही भरावा लागतो, हे दलाल सांगत नाही. म्हणून माझे सांगणे, जुनी गाडी घ्या, अवश्य घ्या, पण आधी पट्टा ओढा. हे त्या गाडीचे दात होत.

ती गाडी यथावकाश भंगारात गेली आणि पुढची कित्येक वर्षे आम्ही एस.टी., रिक्षा आणि उधना-जळगाव मार्गावरच्या आगगाड्या यांच्या भरवशावर सुखाने काढली. २०२५ च्या उन्हाळ्यात मात्र घरात पुन्हा मोटारीची भाषा सुरू झाली. पुण्याला नोकरीस असलेल्या चिरंजीवांनी सुरू केली, हे ओघाने आलेच.

"बाबा, घ्यायची तर एसयूव्हीच घ्यायची. आपल्याकडचे रस्ते बघा. तोरणमाळला जायचं म्हटलं तर लहान गाडी घाटात धापा टाकेल. आणि वर सनरूफ पाहिजे."

"कशाला रे?" सौ.ने विचारले. "वरून मिरची वाळवायला?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे हंगामात मिरचीच्या पथाऱ्या पडतात. मैलभर लाल गालिचा अंथरल्यासारखे दिसते. त्यांच्या बाजूने काच उघडी ठेवून गेलेल्या मोटारीतली माणसे आरतीतल्या टाळांसारखी एका तालात शिंकतात. तिथे छप्पर उघडून उभे राहण्याची कल्पना सौ.ला रुचली नाही, यात नवल नाही.

वाद पेटला. चिरंजीवांनी फोनवरून रोज एका नव्या मोटारीचे चित्र पाठवावे, वकीलसाहेबांनी आपल्या नव्या बोजड गाडीची महती सांगावी (ती त्यांच्या गल्लीत वळत नाही म्हणून चौकात उभी असते आणि ते रात्री दोनदा उठून तिला पाहून येतात), मी आकडेमोड करावी आणि शेवटी चहा गार व्हावा, असा क्रम काही दिवस चालला. शेवटी सौ.ने दुधाच्या हिशेबाची एक जुनी वही काढली, उरलेल्या पानांवर रेघा मारल्या आणि जाहीर केले, "जून, जुलै, ऑगस्ट. तीन महिने मी लिहिणार. ज्या दिवशी 'आत्ता मोटार असती तर' असं कुणी म्हणेल, त्या दिवशी कुठे, किती जण, रस्ता कसला, एवढं लिहायचं. वहीत निघेल ती गाडी घ्यायची."

मी मनात म्हटले, बायकांच्या डोक्यातून काय निघेल ते सांगवत नाही. परंतु वाचकहो, माझ्या चाळीस वर्षांच्या खर्डेघाशीत त्या वहीइतका सज्जड दस्तऐवज मी पाहिलेला नाही.

तीन महिन्यांचे ९२ दिवस. मोटार हवीशी वाटली असे दिवस ४१. त्यांतले २९ नुसते गावातले. भाजीबाजार, दवाखाना, रात्रीच्या गाडीला स्टेशन. सौ.च्या माहेरी शहाद्याला ७ वेळा. धुळ्याला ३. सुरतेला १. आणि ज्या तोरणमाळसाठी पाचसात लाख जास्तीचे घालायचे चालले होते, ते तोरणमाळ १. तेही 'जावेसे वाटले, पाऊस होता म्हणून बेत रहित'. माणसांच्या रकान्यात बहुधा दोन किंवा तीन. पाच माणसे चारदा. सात माणसे एकदाच, आणि तेव्हा भाड्याची जीप केली होती.

तोरणमाळच्या सातपायरी घाटात लहान गाड्या चढत नाहीत असे नव्हे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाला दम देत, त्या वर्षानुवर्षे चढत आल्या आहेत. पण नसेल चढवायची तर नका चढवू. जीप भाड्याने करा. दिवसाचे पाच हजार द्या. जास्तीच्या पाच लाखांत तोरणमाळच्या शंभर खेपा होतात. एवढ्या खेपा करायला आम्हां दोघांना शंभर वर्षांचे आयुष्य आणखी लागेल.

वहीवरून वर्षाचे किलोमीटरही निघाले, साधारण सात हजार. हा आकडा हाती नसताना पेट्रोल, सीएनजी की वीज या वादात पडणे म्हणजे घोडा कशासाठी हवा हे न ठरवता चारा विकत घेणे होय. लिटरला १८ किलोमीटर आणि १०५ रुपये धरले तर पेट्रोल वर्षाला सुमारे चाळीस हजारांचे. सीएनजीवर त्यातले सोळासतरा हजार वाचतात. पण टाकीवाली गाडी नव्वद हजारांच्या आसपास महाग. म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला साडेपाच वर्षे, मागची सामानाची जागा टाकीने अडवलेली, आणि रांगेत उभे राहणे वर. रोज पन्नास-साठ किलोमीटर जाणाऱ्याने सीएनजीच घ्यावी, त्याचे पैसे दोन वर्षांत फिटतील. आमचे फिटेपर्यंत आमचेच फिटले असते. विजेची गाडी गावातल्या २९ खेपांना सोन्यासारखी. पण आमची मोटार उभी राहणार गल्लीत, आणि घरातून रस्त्यावर वायर टाकायची तर गल्लीतली पोरे तिच्यावरून दोरीच्या उड्या मारतील. ज्यांना स्वतःचे अंगण आहे त्यांनी विचार करावा.

इथपर्यंत सारे मजेत चालले होते. ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी सौ.ने वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "शेवटचा रकाना वाचलात का?"

शेवटच्या रकान्यात तिने माझ्या आईविषयी लिहिले होते. 'सासूबाई: नाही.' 'सासूबाई: नाही.' 'निघाल्या, रिक्षाची पायरी चढवेना, परत.' 'प्रकाशाला जायचे म्हणत होत्या. वकीलसाहेबांनी गाडी दिली. उंच फार. नाही.' शहाद्याच्या लग्नाला नाही. धुळ्याला माझ्या मावशीच्या आजारपणात नाही. अकरा वेळा नाही.

आईचे वय ८१. गुडघे गेलेले. ती घरात बसून असते हे मला दिसत होतेच. पण ती अकरा वेळा निघण्याच्या तयारीने लुगडे बदलून बसली होती आणि अकरा वेळा तिने ते परत घडी घालून ठेवले, हे मला माहीत नव्हते. तापीवरचे प्रकाशा नंदुरबारहून पंचवीसएक किलोमीटर. तिथल्या केदारेश्वराला ती दोन वर्षांत गेलेली नव्हती.

मी चिरंजीवांना फोन करून सनरूफ रद्द झाल्याचे कळवले.

पैशांचा विचार नंतर केला असे कुणी समजू नये. तो आधीच झालेला होता. मुलीची नाशिकच्या शिक्षणाची दोन वर्षे बाकी आणि माझी नोकरी चार. शिल्लक तीन लाख, कर्ज जास्तीत जास्त चार. बस्स. हा सात लाखांचा आकडा गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा बरे का, दुकानातल्या पाटीवरचा नव्हे. पाटीवर सहा लाख असतील तर त्यावर आपल्या राज्यात पेट्रोल गाडीला ११ टक्के कर, म्हणजे ६६ हजार. मग विमा; २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीला त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. तो आणि गाडीचा स्वतःचा मिळून पंचवीसतीस हजार. आणि मग दुकानदाराचा 'हँडलिंग', पायपुसणी, आसनांची आवरणे, दाराला चिकटवायची एक चकाकती पट्टी! विमा त्याच्याकडूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही, आणि पट्टीवाचून मोटार चालते.

आमच्या नशिबाने २०२५ च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, लहान मोटारींवरचा जीएसटी उतरला. चार मीटरांच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी. तिच्यावर पूर्वी अधिभार धरून २९ टक्के होते ते १८ झाले. सहा लाखांच्या गाडीमागे पन्नास हजारांच्या आसपास फरक. पण स्वस्ताई आली की मोहही येतो. विक्रेता म्हणाला, "साहेब, वाचलेल्या पैशात वरचं मॉडेल घ्या ना! हप्ता सात वर्षांचा करून देतो, महिन्याला फक्त ६,४३६." चार लाखांवर नऊ टक्क्यांनी तो हप्ता बरोबर होता, मी घरी ताडून पाहिला. फक्त हे 'फक्त' चौऱ्याऐंशी वेळा द्यायचे आणि त्यांत व्याज एक लाख चाळीस हजार. तेच कर्ज चार वर्षांत फेडले तर हप्ता ९,९५४, पण व्याज अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आत. शिवाय पेन्शनीत हप्ता बसवायचा नाही, हे मी पट्टीच्या माणसाप्रमाणे ठरवले होते. हप्ता, पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग मिळून महिन्याला पंधरा हजार. तेवढे आधी तीन महिने बाजूला टाकून पाहिले. दूधवाला, किराणावाला, कुणी दारात उभा राहिला नाही, तेव्हा पाऊल उचलले.

आणि मग आम्ही आईला घेऊन दुकानात गेलो. म्हणजे भाच्याने तिला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट टेम्पोत चढवून आणली. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर 'आजींना कशाला आणलंत' हे स्पष्ट लिहिलेले होते. तो मला पडदा दाखवू लागला, गाणी ऐकवू लागला. सौ.ने पर्समधून शिवणकामाची टेप काढली.

घरात आई ज्या खाटेवरून विनासायास उठते, तिची उंची सौ.ने मोजून आणली होती, ५६ सेंटिमीटर. पहिल्या मोटारीचे मागचे आसन त्याहून बरेच खाली. आई बसली ती धपकन, आणि उठवायला दोघे लागले. दुसरी अशी उंच की आईने पाय उचलून पाहिला आणि परत ठेवला. "भाऊ," ती म्हणाली, "हाई गाडी माले शे का तुले?" विक्रेता हसला. मला काही हसू आले नाही. तिसरी चांगली होती, पण मागचे दार पुरते उघडेना. गुडघा न वाकणाऱ्याला दार काटकोनात उघडावे लागते, हे कुठल्याच जाहिरातीत सापडत नाही. चौथी दिसायला डबा होती. अरुंद, उंच कपाळाची, चिरंजीवांच्या भाषेत 'अंकल गाडी'. आईने आधी पाठ टेकली, मग वरचे कडे धरले, मग एकेक पाय आत घेतला. कुणी हात लावला नाही.

"हाईमा माले बठता येस," ती म्हणाली आणि उतरेचना.

मोटारीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितले तर दहा जण तीच घेतील, आणि त्यांच्या घरी माझ्या आईचे गुडघे नसतील. कुणाच्या घरी तान्हे मूल असेल, कुणाला शेतापर्यंत गाडरस्त्याने जायचे असेल. त्याने टेप गाडीच्या पोटाखाली लावावी. १६० आणि १९० मिलिमीटर यांत बोटभर अंतर दिसते, पण पाच माणसे बसली की तेवढेच बोट दगडाला अडते.

दोन गोष्टी मी पाहिल्या. एक, अपघाताच्या चाचणीतले तारे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात 'भारत एनकॅप' म्हणून ही परीक्षा सुरू झाली आहे. तारे विचारले की विक्रेता विषय बदलून गाण्यांवर येतो का, तेवढे पाहावे. दुसरे, भर दुपारी, घरची चार माणसे बसवून, थंड हवेचे यंत्र चालू ठेवून गावाबाहेरच्या चढावर चाल पाहिली. वैशाखात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो; त्या यंत्रावाचून मोटार ही भट्टी आणि ते लावल्यावर चढावर इंजिन रडते की नुसते कुरकुरते, हे एकट्याने सकाळच्या गारव्यात चक्कर मारून कळत नाही. आमची कुरकुरली. आम्हीही चढावर कुरकुरतोच.

दसऱ्याला मोटार आणायचा चिरंजीवांचा हट्ट सौ.ने मोडला. त्या दिवशी दुकानात लग्नघरासारखी झुंबड. हार घालणार, फोटो काढणार, आणि गाडी अंधारात हाती देणार. आम्ही दोन दिवसांनी, सकाळी दहाला, उन्हात गेलो. काचेच्या कोपऱ्यातले साल पाहिले, चाकांवरचे पाहिले, घडणीचा महिना कागदाशी ताडला, रंगावर तिरकी नजर टाकली. आणि नवी कोरी गाडी असूनही मी ड्रायव्हरच्या आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला. विक्रेत्याला वाटले, ही काहीतरी पूजेची रीत असावी. त्याने आपणहून त्यावर कुंकू लावले.

प्रकाशाला आम्ही पुढच्याच सोमवारी गेलो. आईने लुगडे सकाळी सहाला बदलले होते. केदारेश्वराचे दर्शन झाले, तापीला ओटी झाली, झाडाखाली दशम्या आणि मिरचीचा ठेचा झाला. सौ.ने मांडीवर वही घेऊन लिहिले, 'प्रकाशा. चार माणसे. रस्ता बरा. सासूबाई: हो.'

आई मागच्या आसनावर दार उघडे टाकून नदीकडे तोंड करून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारले,

"भाऊ, सारंगखेडं आठेन कितलं दूर शे?"